थॅडियस स्टीव्हन्स : एका दाव्यापासून कबरीपर्यंत

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं होतं. ती अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो, पण त्या लोकांपैकी लिंकनखेरीज दुसरं नाव क्वचितच कुणाला आठवतं. थॅडियस स्टीव्हन्स हे नाव तरी ठाऊक असायलाच हवं.

त्यांचा जन्म १७९२ चा, व्हरमाँट राज्यातला. एक पाय जन्मतः अधू. वडील घर सोडून गेले, आईने काबाडकष्ट करून शिकवलं. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला त्यांनी वकिली सुरू केली.

१८२१ चा एक दावा मात्र मनाला लागतो. चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीने स्वातंत्र्य मागितलं. गुलामाला सहा महिने पेनसिल्व्हेनियात ठेवलं तर तो मुक्त होतो, असा तिथला कायदा होता. तिचा मुक्काम तुकड्यातुकड्यांनी झाला होता. मुदत सलग हवी, असा मुद्दा मालकाच्या वकिलाने लावून धरला आणि चॅरिटी दावा हरली. तो वकील म्हणजे स्टीव्हन्स. त्यांच्या चरित्रातलं हे पान झाकू नये, कारण पुढचा माणूस इथूनच समजतो. दोनच वर्षांनी, ४ जुलैच्या समारंभात, पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा की ज्याने कधी कुणाला गुलामीच्या बेड्या ठोकल्या नाहीत, असं ते जाहीरपणे म्हणाले.

१८३५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात त्यांनी मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ दिला नाही. १८३८ च्या राज्यघटनेने मताधिकार फक्त गोऱ्यांना ठेवला, तेव्हा त्यांनी तिच्यावर सही केली नाही. पुढे लँकेस्टरला आल्यावर पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले.

गुलामी राखू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं आणि उत्तर यांच्यातल्या यादवी युद्धात ते अमेरिकी संसदेत होते आणि तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या अर्थसमितीची धुरा त्यांच्याकडे होती. गुलामी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ ला सभागृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली, त्यामागे त्यांची चिकाटी होती. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती त्यांना अपुरी वाटत होती. तरी ती स्वीकारताना ते म्हणाले, मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत, हा त्यांचा प्रस्ताव मात्र बारगळला. माझ्या मते त्या काळातली सर्वांत मोठी संधी तिथेच हुकली. जमिनीवाचून मुक्त झालेली कुटुंबं पुन्हा जुन्याच मालकांच्या शेतावर राबायला लागली.

१८६८ मध्ये लिंकननंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पदावरून हटवण्यासाठी चाललेल्या महाभियोगाच्या वेळी ते इतके खंगले होते की त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागे. जॉन्सन एका मताने वाचले. ११ ऑगस्टला स्टीव्हन्स गेले.

लँकेस्टरच्या इतर दफनभूमींत वर्णाची अट होती, म्हणून त्यांनी अट नसलेली एक लहानशी जागा निवडली. थडग्यावरचा मजकूरही स्वतःच लिहून ठेवला : मला एकांत आवडतो म्हणून मी इथे नाही, निर्मात्यापुढे सारी माणसं समान, हे जन्मभर मांडलेलं तत्त्व मरणातही दाखवता यावं म्हणून ही जागा.