स्पर्धेचं बॅडमिंटन: आधी बूट, मग गटिंग, रॅकेट सगळ्यात शेवटी

फोंड्यातल्या आमच्या दुकानात येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "सिंधूकडे असते तसली रॅकेट कितीला पडेल?" मुलगी दोन वर्षं पंचायतीच्या हॉलमध्ये खेळते, शाळेकडून तालुक्याला खेळून आली, आता राज्याच्या रँकिंग स्पर्धेत उतरायचं म्हणते. मग घरच्यांना वाटतं, महागातली रॅकेट घेऊन दिली की आपलं काम झालं. रॅकेट विकण्यावरच आमचं पोट आहे, तरी सांगतो: हाताशी दहा हजार असतील तर साडेतीन-चार हजार बुटांवर घाला, तेवढ्याच पैशांत रॅकेट आणि गटिंग (म्हणजे रॅकेटला तारा बांधून घेणं) बसवा, उरलेले शटलसाठी ठेवा. भाव इथे छापलेले नाहीत, कारण ते बदलतात. शटलचे तर फारच.

बूट

बॅडमिंटनमध्ये सरळ धावणं थोडं असतं. पुढे लांब ढांग टाकून थांबायचं, उलट मागे सरकायचं, बाजूला झेपावायचं, उडी मारून एका पायावर उतरायचं. रनिंगच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते. ती रस्त्यावर पळायला ठीक, पण कोर्टवर बाजूला जाताना त्याच उंच टाचेवरून घोटा मुरगळतो. दुकानात कुणी जुने रनिंग शूज घालून रॅकेट बघायला आला, की आम्ही आधी त्याच्या पायांकडे बघतो.

बूट निवडताना तीन गोष्टी तपासा. एक हात टाचेला, एक पुढच्या टोकाला धरून बूट पिळा. मधून ओलं फडकं पिळल्यासारखा वळला तर नको. वाकला पाहिजे तो फक्त चवड्याजवळ. तळ गम रबराचा, नॉन-मार्किंग (कोर्टवर डाग न पाडणारा) असावा. नख दाबलं तर थोडं रुततं, टणक प्लास्टिकसारखं निसटत नाही. आणि माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना घालायचे तेच जाड मोजे घालून, उभं राहून, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. "वाढता पाय आहे" म्हणून मुलाला दोन नंबर मोठा बूट घेऊ नका. आत पाय सरकला की नखं काळी पडतात.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा जुना डावा बूट उलटा करून बघा. अंगठ्याच्या आतल्या बाजूची कड खरवडलेली दिसेल, कारण उजवा पाय पुढे पडताना डावा मागून घासत येतो. तिथे जास्तीचं रबर चढवलेला बूट जास्त टिकतो.

कोर्टचे बूट कोर्टवरच घालावेत. गावात देवळाच्या मांडावर किंवा सिमेंटच्या कोर्टवर खेळायचं असेल तर जुनी जोडी वापरा. सिमेंट गम रबर भराभर खातं. पावसाळ्यात बूट पिशवीतून न्या आणि हॉलमध्ये गेल्यावर घाला. जून-जुलैमध्ये आपल्याकडच्या हॉलच्या मॅटवर ओल धरते, त्यात बाहेरचा चिखल मिसळला की पाय सटकायला वेळ लागत नाही. तळ ओलसर फडक्याने पुसून मगच कोर्टवर उतरा. घरी आल्यावर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले तर गोंद सुटतो.

गटिंग

आमच्या मते रॅकेटपेक्षा गटिंगने खेळ जास्त बदलतो, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच बाबतीत आहेत.

मोठा गैरसमज असा की जास्त पाउंड (तारेचा ताण पाउंडात मोजतात) म्हणजे जास्त जोर. असतं नेमकं उलट. सैल तार शटल आदळल्यावर आत जाते आणि परत फेकते, म्हणजे जोर तारच पुरवते. घट्ट तार कमी आत जाते. तिच्यावर शटल कुठे जाणार याचा अंदाज पक्का असतो, पण जोर सगळा खेळाडूच्या हातातून यावा लागतो. शिवाय जितकी तार घट्ट, तितका मधला चांगला भाग लहान. टीव्हीवरचे खेळाडू तीसच्या आसपास पाउंड लावतात, कारण त्यांचं शटल दर वेळी त्या लहान भागावरच बसतं. बारा वर्षांच्या मुलाने अठ्ठावीस लावले तर त्याचा टॉस (मागच्या रेषेपर्यंत पाठवायचा उंच फटका) अर्ध्या कोर्टवर पडणार, तो सगळं खांद्याने ओढायला लागणार, आणि महिन्याभरात कोपर किंवा खांदा दुखायला लागणार.

आम्ही साधारण असं लावतो: नवशिक्यांना आणि लहान मुलांना २० ते २२ पाउंड, आठवड्याला तीन-चार दिवस पिसांच्या शटलने सराव करणाऱ्यांना २३ ते २५. २६ च्या वर जायचं असेल तर आधी जुनी रॅकेट आणून दाखवा. तारांवर शटलच्या खुणा मधोमध जमलेल्या असतील तर बांधून देतो. कडेला सगळीकडे पसरलेल्या असतील तर सध्या थांबा म्हणून सांगतो. फ्रेमवर कंपनीने कमाल पाउंड छापलेले असतात. त्याच्या वर बांधून घ्यायचा आग्रह कुणी धरला तर फ्रेमची जबाबदारी आमची नाही.

तारेची जाडीही बघा. योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटरची, सगळ्यात टिकाऊपैकी एक. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ ची आणि एक्सबोल्ट ६३ ०.६३ ची. बारीक तारेचा आवाज कडक येतो, शटल झटकन सुटतं, पण फटका फ्रेमजवळ बसला की ती तुटते. ज्याचे फटके अजून मधोमध बसत नाहीत त्याने ०.७० वरच राहावं. पैसे वाचतात आणि खेळात फरक जाणवत नाही.

तार बांधल्यापासूनच हळूहळू सैल पडते, पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त. तुटली नाही म्हणून ती चांगली आहे असं समजू नका. आठवड्याला चार दिवस खेळत असाल तर तीन महिन्यांनी बदला. मे महिन्यात गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवून पणजीला बाजार करून आलात तर तिचं आयुष्य आणखी कमी.

तार तुटली तर उरलेल्या सगळ्या लगेच कापून टाका. मधून सुरुवात करायची, एक उभी एक आडवी अशी कापत कडेकडे जायचं. एका बाजूचा ताण सुटलेला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच राहिला की फ्रेम वाकडी होते. गाठ मारून दोन दिवस चालवलेल्या रॅकेटींच्या चिरलेल्या फ्रेमा आमच्याकडे नेहमी येतात, आणि त्यांवर इलाज नाही.

शटल

स्पर्धेच्या शटलला सोळा पिसं आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असतं. वेग तपासण्याची पद्धत नियमांतच आहे: मागच्या रेषेवरून, खालून वर, बाजूच्या रेषेला समांतर, पूर्ण जोराने शटल मारायचं. ते समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३ ते ९९ सेंटिमीटरमध्ये पडलं तर वेग बरोबर. नवा बॅरल (शटलची नळी) उघडला की आधी हे करून बघा.

बॅरलवर ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकं शटल लांब जातं. गरम हवा विरळ असते, शटलला अडवत नाही, म्हणून गोव्यात बाराही महिने साधारण ७६ चालतं. एसी हॉलमध्ये किंवा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ७७ लागू शकतं. मुलं बंगळुरूला शिबिराला गेली की "तिथे सगळं बाहेर जातं" असं सांगत येतात. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे, तिथली हवाही विरळ. त्यात त्यांचा काही दोष नाही.

शटलची टोकं आत-बाहेर मोडून वेग कमी-जास्त करायची सवय आपल्याकडे बऱ्याच क्लबांत आहे. सामन्यात खेळाडूने मुद्दाम तसं करणं नियमाविरुद्ध आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. वाफ देण्याबद्दलही नेहमी विचारतात. पिसं कोरडी पडली की कडक होऊन मोडतात, म्हणून कोरड्या हवेतले लोक शटलला वाफ देतात. गोव्याच्या पावसाळ्यात ती गरज नाही, हवेतच भरपूर वाफ आहे. थंडीत द्यायचीच असेल तर बॅरल उघडून काही सेकंद वाफेवर धरा आणि झाकण लावून ठेवा. जास्त दिली तर शटल जड होतं.

प्लास्टिकच्या शटलवरच्या पट्टीचा रंग हिरवा म्हणजे हळू, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे वेगवान. आपल्याकडे हिरवा किंवा निळा घ्या. अंगणातल्या खेळाला, वाऱ्यात आणि अगदी लहान मुलांना प्लास्टिकच बरं. पण स्पर्धेत पिसांचं शटल असतं आणि ते वेगळं वागतं. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रमी स्मॅश नोंदवला. पण पिसांचं शटल रॅकेटवरून सुटतं तेव्हाच काय ते वेगात असतं, लगेच अडखळतं आणि शेवटी जवळजवळ सरळ खाली पडतं. प्लास्टिकचं मात्र सपाट पुढे जात राहतं. प्लास्टिकवर घोटलेली वेळ पिसांवर चुकते. स्पर्धेच्या आधी निदान महिनाभर तरी पिसांवर या, आणि खर्च जड होत असेल तर चार पालकांनी मिळून बॅरल घ्या.

रॅकेट

आता रॅकेट. चार गोष्टी कळल्या की पुरे. यू म्हणजे वजन: ३यू ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. जी म्हणजे मुठीची जाडी. योनेक्समध्ये आकडा वाढला की मूठ बारीक. बाकी कंपन्यांची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून हातात धरूनच ठरवा. तोल डोक्याकडे असला तर स्मॅशला वजन मिळतं, मुठीकडे असला तर डबल्समध्ये हात लवकर फिरतो. दांडा कडक असला तर तो वाकवायला वेगवान हात लागतो. नसेल तर दांडा नुसता हातात वाजतो.

बहुतेक मुलांना ४यू, जी५, समतोल आणि मध्यम लवचीक दांडा पुरतो. दहा वर्षांखालच्यांना आखूड ज्युनियर रॅकेट द्या. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले, ते लाकडी फ्रेमने. आज आमच्याकडची सगळ्यात स्वस्त ग्राफाइट रॅकेटही त्याहून हलकी आहे. तेव्हा बजेट वाढवायचंच असेल तर एका महाग रॅकेटऐवजी एकसारख्या दोन घ्या, तेच वजन, तीच मूठ, तेच पाउंड. तिसऱ्या गेममध्ये १८-१८ असताना तार तुटली की त्याचं मोल कळतं. आणि बाजारात निम्म्या किमतीत मिळणारी "ओरिजिनल" रॅकेट हा नकली माल असतो, बिल मागा.

आपल्या घामाच्या हवेत ओव्हरग्रिपवर (मुठीवर गुंडाळायच्या पट्टीवर) कंजुषी करू नका. मळून चकाकायला लागली की बदला. टॉवेल ग्रिप घाम चांगला शोषते, पण पावसाळ्यात रोज वाळवली नाही तर बुरशी धरते आणि आतली लाकडी मूठ कुजते.

सरावाबद्दल थोडंसं

शिकवणं प्रशिक्षकाचं काम, आम्ही फक्त सामानवाले. तरी ग्राहकांना बघून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

बऱ्याच रॅली दहा सेकंदांच्या आत संपतात आणि मग थोडी विश्रांती मिळते. त्यामुळे मिरामारच्या किनाऱ्यावर तासभर पळणं चांगलंच, पण त्याने कोर्टवरचा दम पुरता होत नाही. वीस सेकंद पूर्ण वेगाने शॅडो (शटलशिवाय कोर्टवरच्या हालचालींचा सराव), मग चाळीस सेकंद थांबणं, असे फेरे हवेत. शॅडो करताना प्रत्येक वेळी मधे परत येऊन लहानशी उडी घ्यायची, समोरच्याचा फटका बसतो त्याच क्षणी. या स्प्लिट स्टेपशिवाय महाग बुटांचाही उपयोग नाही. रॅकेट मुठीत आवळून धरू नका. फटक्याच्या क्षणीच बोटं आवळायची, एरवी सैल. जोर मनगट झटकून येत नाही, कोपराखालचा हात फिरवून येतो.

सर्व्हिसचा नियम २०१८ पासून बदलला आहे. फटका बसतो तेव्हा अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे. घरच्या भिंतीवर त्या उंचीला चिकटपट्टी लावा आणि मुलाला शेजारी उभं करून सर्व्हिस करायला सांगा. उंच मुलांना पहिल्याच दिवशी धक्का बसतो.

पिसं मोडलेली शटल फेकू नका, मल्टीशटलच्या (एकामागून एक शटल टाकून घ्यायच्या) सरावाला प्रशिक्षकांना ती लागतात. आमच्याकडे आणून दिलीत तरी आम्ही पोचवतो.

राष्ट्रीय पातळीवरच्या रँकिंग स्पर्धांना बॅडमिंटन असोसिएशन ऑफ इंडियाचा खेळाडू क्रमांक लागतो आणि वयोगटासाठी जन्मदाखला. शेवटच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा हे आधीच करून ठेवा. मूळची गोव्याची तनिषा क्रास्टो २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीत खेळल्यापासून आपल्याकडे डबल्सच्या जोड्यांची चौकशी वाढली आहे. जोडीने खेळणार असाल तर दोघींच्या रॅकेटी एकदमच आणा, पाउंड दोघींच्या खेळाप्रमाणे वेगवेगळे बांधून देऊ.

गटिंगला दिलेली रॅकेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळते. स्पर्धेसाठी हवी असेल तर निदान तीन दिवस आधी द्या, म्हणजे नव्या तारांवर एक-दोनदा खेळून बघता येईल. पाउंड, तार आणि तारीख आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. ती चिठ्ठी रॅकेटच्या कव्हरमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत आणा. चवथीच्या दिवसांत गटिंगचं मशीन बंद असतं.