डोळे मिटले की तोल का जातो?

आमची आज्जी परभणीच्या घरी न्हाणीत पडली. खुबा मोडला नाही, पण तेव्हापासून भेटायला येणारं प्रत्येक जण एकच सांगतंय, "आता उठू नका, पडून ऱ्हा." हा सल्ला चुकीचा आहे. पडून राहिलं की पायातली ताकद जाते अन् माणूस पुन्हा पडतं.

ती पडली तेव्हा डोक्यावर तांब्या ओतत होती, डोळे मिटलेले. खरी गोष्ट तिथंच आहे. तोलाची खबर मेंदूला तिघं देतात, डोळे, तळपाय-घोट्यातल्या नसा आणि कानाचा आतला भाग. हे कानातलं मला लई आवडतं. तिथं युट्रिकल आणि सॅक्युल नावाच्या दोन बारक्या पिशव्या, त्यात जेलीसारखा थर आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे कण, म्हणजे शहाबादी फरशी ज्या चुनखडीची तेच द्रव्य! डोकं कललं की हे जड कण सरकतात, जेली ओढली जाते, खालच्या रोमपेशींचे केस वाकतात, एकीकडं वाकले की सिग्नल वाढतो, उलटीकडं वाकले की घटतो, अन् त्यावरून मज्जारज्जूतून पोटरीला हुकूम सुटतो, आपल्याला कळायच्या आत. वयाबरोबर या पेशी कमी होतात आणि नव्या म्हणाव्या तशा येत नाहीत. त्यात शुगरनं तळपाय बधिर झालेले असले तर सगळी भिस्त डोळ्यांवर, आणि न्हाणीत तेच मिटलेले.

गल्लीत कुणी म्हणालं अमावस्येला पडली, उतारा टाका. कुणी चुंबकाचा पट्टा आणायला सांगितला. यातलं काहीच कानापर्यंत पोचत नाही.

पेशी गेल्या तरी मेंदू शिकतो, उरलेल्या खबरांवर जास्त विसंबतो, पाऊल लवकर टाकतो. कॉक्रेन ही जगभरातलं वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या 2019 च्या आढाव्यात 108 चाचण्या तपासल्या होत्या, त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि त्यात तोलाचे व्यायाम महत्त्वाचे. नुसतं देवळापर्यंत चालणं पुरत नाही, तोल जरा डळमळला पाहिजे, तेव्हाच मेंदूला काम लागतं.

डॉक्टरला विचारून आज्जीला सुरू केलंय. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीकडेनं टाचेला अंगठा लावत चालणं, दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहणं. आधी दोन्ही हातांनी धरायची, आता एका हातानं धरते, आई मागं उभी असते. न्हाणीत खरखरीत पायपुसणं टाकलंय अन् स्टूल ठेवलाय, डोक्यावरून पाणी आता बसूनच.