फायबरग्लास ग्लायडरचे नवे रंगकाम : मालक आणि क्लबांसाठी माहितीपत्रक

ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, पंखावर टॉर्च तिरपा धरला की केसासारख्या बारीक रेघा दिसतात. मग बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न असतो, "वरून एक हात मारून भागेल का?" भागत नाही. उड्डाणात पंख वाकतो तेव्हा खालची भेग उघडते आणि मिटते. तिच्यावरचा नवा रंग कितीही चांगला असला तरी त्याला तिथेच चीर पडते, शिवाय नव्या थराचे वजन फुकट चढलेले असते. म्हणून तडकलेल्या थरावर आम्ही थेट रंग देत नाही. आधी तो उतरवतो, आणि खर्चाचा व वेळेचा मोठा भाग या उतरवण्यातच जातो.

जेलकोट का तडकतो

फायबरग्लास ग्लायडर साच्यात बनतो. साच्यात पहिल्यांदा पांढरा जेलकोट, म्हणजे रंगासारखा जाड लेप, फवारतात आणि त्यावर काचेचे कापड व इपॉक्सी रेझिन यांचे थर बसवतात. म्हणजे बाहेरचा दिसणारा थर खरे तर सगळ्यात आधी बनलेला असतो. तो पॉलिएस्टरचा आणि ठिसूळ असतो, आतले इपॉक्सीचे कवच मात्र लवचिक असते. ऊन, उंचावरची थंडी आणि ओल यांनी वर्षानुवर्षे मार दिला की ठिसूळ थर आधी हार मानतो. थर जितका जाड, तितका तो लवकर तडकतो. पूर्वी जेलकोटचा आणखी एक थर चढवलेले ग्लायडर म्हणूनच जास्त तडकलेले आढळतात. ओलसर पंखावर कव्हर चढवून तसेच उन्हात ठेवणे हेही मोठे कारण आहे. कव्हरखाली वाफ कोंडते आणि जेलकोटमध्ये मुरते.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. पुढच्या धारेपासून मागच्या धारेकडे जाणाऱ्या समांतर रेघा बहुधा वयाच्या असतात. एका बिंदूतून चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आदळले आहे. एअरब्रेकच्या (उतरताना पंखातून वर येणाऱ्या पट्टीच्या) खाचेच्या कोपऱ्यातून किंवा पंखाच्या मुळाशी निघालेली एकटी भेग दिसली तर आम्ही रंगकामाचा विषय बाजूला ठेवतो. आधी परवानाधारक अभियंत्याने ती पाहायची, मग पुढचे बोलायचे. वयाच्या भेगाही फार वर्षे तशाच सोडल्या तर काही वेळा खालच्या काचेच्या थरात उतरतात, तेव्हा "अजून दोन हंगाम चालवू" हा हिशेब महागात पडू शकतो.

रंग पांढराच का

मालक कधीकधी पंखावर निळा किंवा लाल पट्टा मागतात. आम्ही नाही म्हणतो, त्याला कारण आहे. पांढऱ्या पृष्ठभागाच्या ग्लायडरची मजबुती साधारणपणे ५४ अंश सेल्सिअस तापमान धरून सिद्ध केलेली असते. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात गडद पृष्ठभाग हा आकडा सहज ओलांडतो आणि इपॉक्सी नरम पडू लागते. उत्पादकाच्या पुस्तिकेत पंखांची टोके, नाक किंवा रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) अशा ठरावीक जागी रंगाला परवानगी असेल तर तेवढ्याच जागी आम्ही तो देतो. नोंदणीची अक्षरे रंगवण्याऐवजी पातळ विनाइलची लावतो. ती हलकी असतात आणि पुढे काढता येतात.

जेलकोट की पॉलियुरेथेन

दोन्हींत डावे-उजवे आहे. जेलकोट जाड बसतो, त्यामुळे घासून पंखाचा आकार नेमका आणता येतो आणि पुढे लहान दुरुस्ती बेमालूम मिसळते. पण तो जड आहे आणि कधीतरी पुन्हा तडकणारच. दोन घटकांचा ॲक्रिलिक पॉलियुरेथेन रंग लवचिक असतो आणि उन्हाला चांगला टिकतो, मात्र थर पातळ असल्याने बफिंग (फिरत्या चकतीने चमकवणे) करताना एक चूक झाली तरी खालचा प्रायमर उघडा पडतो.

वजनाचा अंदाज असा. १५ मीटरच्या एका आसनी ग्लायडरचा सगळा बाहेरचा पृष्ठभाग ३५ चौरस मीटरच्या आसपास धरा. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा जेलकोट २० किलोच्या पुढे जातो. प्रायमर धरून ०.१५ मिलिमीटरचे पॉलियुरेथेन सहा-सात किलोत बसते. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या क्लबच्या ग्लायडरसाठी आम्ही पॉलियुरेथेन सुचवतो. स्पर्धेसाठी पंखाचा आकार नव्याने बांधून घ्यायचा असेल तर जेलकोट.

जुना थर उतरवताना

हे काम हाताने, ८० नंबरच्या पेपरने आणि लांब लाकडी ठोकळ्यावर होते. रंग काढायचे केमिकल आम्ही दुकानात ठेवतच नाही, कारण ते जेलकोट आणि इपॉक्सी यांत भेद करत नाही. हीट गनचेही तेच.

कुठे थांबायचे हे डोळ्यांनी कळते. पेपरखाली आधी पांढरीशुभ्र भुकटी निघते. जेलकोट संपत आला की पृष्ठभाग करडा-हिरवट आणि किंचित पारदर्शक दिसू लागतो, आणि कापडाची वीण धूसर उमटते. तिथे हात थांबला पाहिजे. हलक्या पंखाचे बाहेरचे कवच काही जागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि त्यात कापडाचे एक-दोनच थर असतात. काचेचे तंतू पेपरला लागून पिसारले, तर तो रंगकामाचा नव्हे, दुरुस्तीचा मामला झाला. काच उघडी पडल्यानंतर पाण्याने घासणेही बंद, कारण तंतूंच्या कडेने ओल आत शिरते आणि पुढे रंगाखाली फोड येतात.

उघड्या कवचावर नाण्याने हलके ठोकत आम्ही सगळा पंख ऐकतो. टणक आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला, किंवा पांढुरका डाग दिसला, तर थर सुटल्याची शंका असते. अशी जागा निघाली की आम्ही काम थांबवून आपल्याला कळवतो. अंदाजपत्रकात ही रक्कम आधी धरता येत नाही, कारण जेलकोटखाली काय आहे ते जेलकोट निघेपर्यंत कोणालाच दिसत नाही.

मग सुईच्या टोकाएवढी छिद्रे भरण्याचे काम येते. इथे घाई केली तर रंग वाळताना छिद्रातली हवा फुगून वर येते आणि तयार पंखावर शेकडो बारीक खळगे उमटतात. म्हणून लांबी, म्हणजे पुट्टी, प्लॅस्टिकच्या पात्याने दाबून, दोन दिशांनी ओढून भरतो. प्रायमरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून ठोकळा पंखाच्या लांबीला ४५ अंशात चालवतो. जिथे काळे उरते तो खळगा. जुन्या पंखांवर स्पारच्या (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईच्या) बाजूने असा लांबट खळगा बरेचदा सापडतो, कारण रेझिन वर्षानुवर्षे आकसत असते. शेवटच्या रंगाआधी ४०० ते ६०० नंबरचा वॉटर पेपर, आणि रंगानंतर १००० च्या पुढचे पेपर व बफिंग.

एलेरॉन, एलिव्हेटर, रडर

या भागाबद्दल आम्ही कोणाशीही तडजोड करत नाही. पंखावरचे एलेरॉन, शेपटीवरचे आडवे एलिव्हेटर आणि उभे रडर हे ग्लायडर वळवणारे, वर-खाली नेणारे हलते भाग. हे तिन्ही भाग बिजागरीवर तोललेले असतात. बिजागरीच्या मागे वजन वाढले तर वेगात ते फडफडू लागू शकतात, आणि ती फडफड काही क्षणांत ग्लायडर तोडू शकते.

एलेरॉनवर ६० ग्रॅम जादा रंग बसला आणि त्याचे केंद्र बिजागरीच्या ८ सेंटीमीटर मागे आहे असे धरा. ६० गुणिले ८ म्हणजे ४८० ग्रॅम-सेंटीमीटर. बिजागरीच्या पुढे तोलासाठी बसवलेले शिसे तिच्यापासून ३ सेंटीमीटरवर असेल तर तोल साधायला १६० ग्रॅम शिसे हवे. पण पुस्तिकेत त्या भागाच्या एकूण वजनाचीही मर्यादा असते, आणि २२० ग्रॅमची वाढ बहुधा तीत बसत नाही. मग एकच मार्ग उरतो : रंग पुन्हा उतरवणे. म्हणून हे भाग काढून, रंगाआधी आणि रंगानंतर तोलून, दोन्ही आकडे लिहून देतो.

याच भागांच्या तळाशी पाणी निघायची बारीक छिद्रे असतात. रंगाने ती बुजली तर रडरमध्ये पाणी साठते आणि काळजीपूर्वक साधलेला तोल पहिल्या पावसात जातो. प्रत्येक छिद्रात रंगाआधी काडी घालून ठेवतो आणि शेवटी मोजून काढतो. पिटो आणि स्टॅटिकची (वेग व उंची मोजण्यासाठी हवेचा दाब घेणारी) छिद्रे हवा न फुंकता, टेपने झाकतो.

शेपटीवरचा रंगही मोजून. गुरुत्वमध्यापासून चार मीटर मागे अर्धा किलो वाढला, तर आसन साधारण ०.६ मीटर पुढे असलेल्या ग्लायडरमध्ये वैमानिकाचे किमान वजन तीन किलोंहून जास्त वाढते. हलक्या विद्यार्थ्याला मग शिसे घेऊन बसावे लागते. त्यामुळे काम संपल्यावर पूर्ण ग्लायडरचे वजन आणि गुरुत्वमध्य नव्याने काढावाच लागतो, आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय ग्लायडर उडवू नये.

केव्हा द्यावा, सोबत काय द्यावे

जून ते सप्टेंबर आम्ही रंग फवारत नाही. पॉलियुरेथेनचा हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) हवेतल्या ओलाव्याशी मिसळून बुडबुडे धरतो आणि चमक जाते. एप्रिल-मेच्या दुपारी उलटे होते. रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. ऑक्टोबरमध्ये ग्लायडर दिला तर मार्चपासूनच्या चांगल्या थर्मलच्या (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतांच्या) महिन्यांसाठी तो हातात मिळावा, असे नियोजन करतो. एका ग्लायडरला काही शे तासांचे हातकाम लागते, ते कमी करून दाखवणाऱ्याला नेमके काय वगळले ते विचारा.

सोबत देखभालीची पुस्तिका, लॉगबुक, मागचा वजनाचा अहवाल आणि जुन्या दुरुस्त्यांची माहिती द्या. लपवलेली जुनी दुरुस्ती पेपरखाली दिसतेच. मागची काही वर्षे कोणते पॉलिश वापरले तेही सांगा. सिलिकॉन असलेले पॉलिश मुरलेले असेल तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात, आणि ते काढायला वेगळी सफाई लागते. कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण) काढून घरी ठेवता आली तर उत्तम, कारण थिनरच्या वाफेने तिच्यात जाळी पडते. फवारणी चालू असताना शेडमध्ये येऊ नका. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि आमची माणसेही बाहेरून हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय आत जात नाहीत.

परत नेल्यावर

पॉलियुरेथेनला पहिला महिना पॉलिश लावू नका आणि कव्हर शक्यतो टाळा, रंग अजून आतून वाळत असतो. गॅप टेपही (जोडांच्या फटींवरची टेप) आम्ही सांगू त्या तारखेनंतरच चिकटवा. जेलकोटला मात्र लगेच सिलिकॉनविरहित कडक मेण लावायचे आणि वर्षातून एकदा तरी पुन्हा. बफ एका जागी थांबवू नका, विशेषतः मागच्या धारेवर, तिथे रंग काही सेकंदांत जळतो. उड्डाणात पंखाला चिकटलेले किडे संध्याकाळीच ओल्या स्पंजने काढा, वाळले की ओरखडे पडतात. चिकट डागाला थिनर किंवा ॲसिटोन लावू नका. आणि कव्हर चढवण्याआधी पंखाच्या खालच्या बाजूवरून कोरडे फडके फिरवा, दव तिथे सगळ्यात उशिरा वाळते.