डोमेनची मुदत संपल्यानंतरचे ४५ दिवस नेमके कोणाचे?

‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, मुदत संपली की थोड्याच दिवसांत संकेतस्थळाच्या जागी जाहिरातींचे पान दिसू लागते आणि धारकाला वाटते, नाव हातचे गेले. प्रत्यक्षात रजिस्ट्रीच्या, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, वहीत त्या वेळी उलटेच घडलेले असते. नाव आपोआप आणखी एका वर्षासाठी रिन्यू झालेले असते आणि त्या वर्षाची घाऊक फी (सप्टेंबर २०२४ मध्ये ती १०.२६ डॉलर झाली) रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीच्या नावे पडलेली असते. पुढच्या ४५ दिवसांत रजिस्ट्रारने ते नाव काढून टाकले तर ही रक्कम त्याला परत मिळते. या ४५ दिवसांना ‘ऑटो-रिन्यू ग्रेस पीरियड’ म्हणतात.

सगळा घोळ इथल्या ‘ग्रेस’ या शब्दाने केला आहे. विम्याचा हप्ता चुकला की मिळणारी वाढीव मुदत आपल्याला ठाऊक असते. ती पॉलिसीधारकाची असते. डोमेनमधली ग्रेस मात्र रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार यांच्यातल्या हिशेबाची आहे. धारकाचा त्यात आपसूक वाटा नाही. त्यातले किती दिवस जुन्या दराने रिन्यू करू द्यायचे, हे बहुतांशी रजिस्ट्रार ठरवतो. शिवाय रजिस्ट्रीच्या नोंदीत या काळात पुढच्या वर्षाची तारीख झळकत असते. ती पाहून निर्धास्त राहिलेला धारक नाव गमावून बसू शकतो.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. पहिले डॉट कॉम नाव १९८५ साली नोंदले गेले आणि सप्टेंबर १९९५ पर्यंत नोंदणी फुकट होती. फीच नाही, तर ती थकणार कुठून? मग दोन वर्षांसाठी १०० डॉलर असा दर लागू झाला आणि थकबाकीदारांची नावे काढली जाऊ लागली. १९९९ मध्ये विक्रीची मक्तेदारी मोडून अनेक रजिस्ट्रार आले. त्याच वर्षीच्या नाताळात एका बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीच्या ईमेल सेवेचे लॉगिन अडले, कारण लॉगिनसाठी लागणाऱ्या डोमेनची फी भरायची राहून गेली होती. एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते सुरू केले. चूक कोणाच्याही हातून होऊ शकते, हे त्या प्रसंगाने जगाला दिसले.

अशा चुकांसाठीच पुढे ‘रिडेम्प्शन’ आले. डॉट कॉमसाठी ते जानेवारी २००३ पासून लागू झाले. रजिस्ट्रारने नाव काढून टाकले तरी ते ३० दिवस राखून ठेवायचे आणि तेवढ्या काळात मूळ धारकाला जादा रक्कम भरून ते परत घेता यायचे, गहाण पडलेला दागिना सोडवून आणावा तसे. रजिस्ट्रीची रिडेम्प्शन फी वेगळी, त्यावर रजिस्ट्रारचा आकार वेगळा, म्हणून ग्राहकाला हे महागच पडते. पण हक्क स्पष्ट आहे. त्यानंतर ५ दिवस नावाला कोणालाच हात लावता येत नाही आणि मग ते सर्वांसाठी खुले होते. ४५, ३० आणि ५ मिळून ८० दिवस होतात. डॉट कॉमची नावे ज्या सुमारास खुली होतात ती वेळ भारतात मध्यरात्रीच्या आसपासची असते. तेव्हा नाव झेलायला माणसे नसतात, सेकंदाला असंख्य विनंत्या करणारे प्रोग्राम टपलेले असतात.

या झेलाझेलीतला पैसा पाहून २००२ मध्ये रजिस्ट्रीने प्रत्येक नावामागे प्रतीक्षेची एक जागा विकण्याचा प्रस्ताव मांडला. रजिस्ट्रार खवळले, प्रकरण कोर्टात गेले आणि ती योजना कधीच सुरू झाली नाही. पण रजिस्ट्रारांनी त्यापेक्षा सोपी वाट शोधली. नाव काढूनच टाकायचे नाही! ४५ दिवसांच्या आतच त्याचा लिलाव लावायचा आणि बोली जिंकणाऱ्याच्या नावे ते थेट वळते करायचे. ग्राहकाने खाते उघडताना ‘मान्य’वर टिचकी मारलेली असते. त्या करारातच याला संमती लिहिलेली असते.

या वाटेने काय झाले ते बारकाईने पाहायला हवे. रिडेम्प्शनचे ३० दिवस नाव काढून टाकल्यावर सुरू होतात. नाव काढलेच नाही, तर ते दिवस उगवतच नाहीत. २००३ मध्ये चुकलेल्या धारकासाठी बांधलेली पायरी अशी बाजूला टाकली गेली. जगभरच्या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या २००४ च्या धोरणाने रिन्यू न झालेली नावे ४५ दिवसांत काढणे रजिस्ट्रारांवर बंधनकारक केले खरे, पण करारातली संमती पुढे केली की लिलावाला आडकाठी उरत नव्हती. ज्याचे पहिले पान जुन्या दुव्यांमुळे इंटरनेटवरच्या शोधात अजून वर येते, अशा नावाला लिलावात चांगली किंमत येते. बंद पडलेल्या संस्थांच्या पत्त्यांवर जुगाराच्या जाहिराती दिसतात, त्या यामुळेच.

२००९ ते २०११ या काळात आयकॅनच्या एका कार्यगटात यावर वाद झाला. धारकांचे प्रतिनिधी ठरावीक आणि हक्काची मुदत मागत होते, तर रजिस्ट्रारांचे म्हणणे होते की आम्ही देतो त्या सवलतीची सक्ती करू नका. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस लागू झालेले धोरण ही तडजोड होती. मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशा दोन सूचना, मुदत संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. आधीचे संकेतस्थळ किमान आठ दिवस बंद राहिले पाहिजे आणि त्या काळात जुन्या धारकाला रिन्यू करू दिले पाहिजे. दर उघड छापले पाहिजेत. रिडेम्प्शन देणे बहुतेक जागतिक (डॉट कॉमसारख्या, कोणत्याही एका देशाच्या नसलेल्या डोमेनांच्या) रजिस्ट्रींना बंधनकारक झाले. पण पूर्ण ४५ दिवसांचा हक्क मिळाला नाही. तो मिळायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक रजिस्ट्रार चौथ्या-पाचव्या आठवड्यातच लिलाव लावतात.

या धोरणाची एक व्याख्या मात्र मोलाची आहे. मुदत संपल्यावर करारातल्या कलमाच्या आधारे नोंदीतील नाव बदलले गेले असेल, तर हक्कदार बदलाआधीचा धारकच मानायचा. म्हणजे नोंद स्वतःच्या नावावर करून रजिस्ट्रार धारक होत नाही.

भारतात डॉट इनचा कारभार २००५ पर्यंत मुंबईतल्या एका सरकारी संगणक संस्थेकडे होता आणि नावे मोजकी होती. ती खुली झाल्यावर, आणि २०१४ मध्ये देवनागरी डॉट भारत आल्यावर, मराठी संस्था, मासिके, छोटे व्यावसायिक यांची नावे वाढली. त्यातली कितीतरी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या खात्यात नोंदलेली असतात आणि सूचना त्याच्याच ईमेलवर जातात. संस्थेचा ईमेल त्याच डोमेनवर असेल, तर नाव बंद पडताच तोही बंद पडतो.

२०१८ पासून युरोपातल्या खासगीपणाच्या कायद्यामुळे सार्वजनिक नोंदीतून धारकांची नावे झाकली गेली. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक डोमेनांसाठी नाव कोणाच्या नावे आहे ते दाखवणाऱ्या जुन्या ‘हू-इज’ सेवेची सक्तीही संपली आणि तिची जागा नव्या पद्धतीने घेतली. खासगीपणाचे हे पाऊल योग्यच होते. पण मुदत संपल्याच्या दिवशी नाव आपल्याकडेच होते, हे पूर्वी कोणीही सार्वजनिक नोंदीवरून दाखवू शकत होते. आता त्यासाठी बहुतेकदा रजिस्ट्रारच्याच कागदांवर विसंबावे लागते.