दगडाचं दिसणारं छत आणि भिंतींवरचा रेटा

एडिंबरोला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने मध्यंतरी एक फोटो पाठवला. उंच खांब, त्यांच्या डोक्यावरून झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या बरगड्या, मधोमध एकमेकींना भिडलेल्या. खाली नेहमीचा मजकूर: ‘ना सिमेंट, ना क्रेन, ना कॉम्प्युटर. तरी शेकडो वर्षं उभं! आजच्या इंजिनिअरांनी हे करून दाखवावं.’

करून दाखवलंय की. फोटोतलं छत वयाने माझ्याहून फार मोठं नाही. ते 1971 ते 1973 या काळात बसवलं आणि ते फायबरग्लासचं आहे.

हे चर्च हॅडिंग्टनचं सेंट मेरीज. एडिंबरोच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरच्या आत हॅडिंग्टन हे जुनं बाजाराचं गाव आहे, त्याच्या कडेने टाईन नावाची छोटी नदी वाहते. न्यूकॅसलची टाईन वेगळी, ही स्कॉटलंडची स्वतःची. गाव इंग्लंडच्या वाटेवर, त्यामुळे फौज कुठलीही येवो, मार यांनाच. 1356 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने गाव जाळलं. त्यानंतर 1380 च्या आसपास आत्ताच्या चर्चचं काम सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं. लांबी 206 फूट, म्हणजे जवळजवळ 63 मीटर. स्कॉटलंडमधलं सगळ्यात लांब पॅरिश चर्च म्हणून याचीच ओळख सांगतात. पॅरिश चर्च म्हणजे बिशपचं कॅथेड्रल नव्हे, गावाचं चर्च.

हे पुरं होऊन शंभर वर्षंही झाली नव्हती, तोच 1548 उजाडलं. स्कॉटलंडच्या छोट्या राणीचं, मेरीचं, लग्न इंग्लंडच्या बालराजाशी लावायचं म्हणून इंग्रज फौज घुसली आणि हॅडिंग्टनला ठाण मांडून बसली. स्कॉट आणि त्यांच्या मदतीला आलेले फ्रेंच यांनी गावाला वेढा घातला. 1549 च्या सप्टेंबरात इंग्रज निघून गेले, तेव्हा चर्चचा पूर्वेकडचा अर्धा भाग उघडा पडलेला होता. वेदीकडचा भाग, ज्याला क्वायर म्हणतात, आणि दोन्ही बाजूंचे हात, ट्रान्सेप्ट, यांवर छत उरलं नव्हतं.

पुढे 1560 ची धर्मसुधारणा आली. तिचा मोठा प्रवक्ता जॉन नॉक्स या हॅडिंग्टनचाच. नव्या, प्रॉटेस्टंट पंथात वेदी आणि तिच्याभोवतीचे सोहळे मागे पडले, प्रवचन पुढे आलं. प्रवचनाला एक दालन पुरतं. गावाने मनोऱ्यापासून पश्चिमेकडचा भाग दुरुस्त केला, मध्ये भिंत घातली आणि पलीकडचं अर्धं चर्च ऊनपावसाला सोडून दिलं, ते पुढची चारशे वर्षं. 1866 मध्ये इतिहासकार टॉमस कार्लाइल यांच्या पत्नी, पत्रलेखिका जेन वेल्श कार्लाइल, यांना त्याच क्वायरमध्ये वडिलांच्या शेजारी पुरलं, तेव्हा वर आकाश होतं.

इतिहास इथे थोडा बाजूला ठेवतो. मला ज्यात रस आहे तो प्रश्न वेगळा आहे. 1971 मध्ये पुन्हा छत घालायला घेतलं तेव्हा दगडाचंच का नाही घातलं? ‘खर्च परवडला नसता’ हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं कमानीच्या स्वभावात आहे.

कमानीबद्दल शाळेत आपल्या डोक्यात एक चुकीची गोष्ट बसते: मधला चावीचा दगड सगळ्यांना धरून ठेवतो. त्याच्यात विशेष काही नाही. तो शेवटी बसवतात, इतकंच. कमानीतला कुठलाही एक दगड काढा, कमान पडेल. दुसरा गैरसमज असा की दगड चुन्याने एकमेकांना चिकटलेले असतात. चुना फटी भरतो, बोजा सारखा पसरवतो. ओढ सोसायची ताकद त्याच्यात नसल्यासारखीच. कमान उभी राहते ती दगड एकमेकांना दाबतात म्हणून, आणि ते दाबू शकतात कारण दोन्ही टोकांना कुणीतरी त्यांना बाहेर सरकू देत नाही.

हे नीट उलगडलं ते रॉबर्ट हूकला, 1675 च्या सुमारास. स्प्रिंगच्या नियमातला तोच हूक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साखळी दोन टोकांना धरून लोंबकळत सोडा. ती जो आकार घेते तो उलटा करा, तोच कमानीचा योग्य आकार. साखळीत फक्त ओढ असते, उलटवल्यावर त्याच रेषेत फक्त दाब उरतो. घरात गळ्यातली साखळी असेल तर आत्ता करून बघा. दोन बोटांत टोकं धरा. बोटं नुसती खाली ओढली जात नाहीत, ती एकमेकींकडेही खेचली जातात. साखळी जितकी ताणून, सपाट धराल तितकी ही आतली खेच वाढते. उलटवलेल्या कमानीत हीच खेच बाहेरच्या दिशेचा रेटा होते. कमानी छताची सगळी गोष्ट या रेट्याची आहे.

आता आकडेमोड. कंटाळा असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडावेत, मला मात्र राहवत नाही. छताचं दर मीटरला वजन ‘व’, दोन भिंतींमधलं अंतर ‘ल’ आणि कमानीची टोकांपासून माथ्यापर्यंतची उंची ‘उ’ धरली, तर आडवा रेटा = व × ल × ल ÷ (8 × उ). समजा अंतर 8 मीटर, कमानीची उंची 4 मीटर आणि दगडी छताचं वजन दर चौरस मीटरला 400 किलो. (हे हॅडिंग्टनचं मोजमाप नव्हे, हिशेबाला सोपे म्हणून घेतलेले आकडे.) एक मीटर रुंदीच्या पट्ट्याचा रेटा येतो 800 किलो. फार वाटत नाही ना? पण तो 10 मीटर उंच भिंतीच्या माथ्यावर लागतो. भिंत तिच्या बाहेरच्या पायाच्या कडेवर उलथून पडायची तर उलथवणारा जोर 800 गुणिले 10, म्हणजे 8,000. भिंत 1 मीटर जाड असेल, तर वालुकाश्माच्या हिशेबाने पट्ट्याचं वजन 23,000 किलो आणि ते कडेपासून अर्ध्या मीटरवर. सावरणारा जोर 11,500. छताचं निम्मं वजन, 1,600 किलो, आतल्या कडेवर टेकतं, त्याचे आणखी 1,600. एकूण 13,100. भिंत पडत नाही.

पण सुखातही नाही. 13,100 मधून 8,000 वजा केले, उरलेल्या 5,100 ला एकूण वजनाने, 24,600 ने, भागलं, तर उत्तर 0.21 येतं. म्हणजे सगळा बोजा भिंतीच्या पायथ्याशी बाहेरच्या कडेपासून फक्त 21 सेंटिमीटरवरून जमिनीत उतरतोय. जुना नियम सांगतो की तो जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात असावा, इथे कडेपासून किमान 33 सेंटिमीटरवर. त्याच्या बाहेर गेला की आतल्या बाजूचे सांधे उघडायला लागतात. कमानीची उंची 4 ऐवजी 2 मीटर करून बघा: रेटा दुप्पट, उलथवणारा जोर 16,000, भिंत आडवी.

हे परिच्छेद ओलांडून आलेल्यांसाठी सार इतकंच की दगड चिरडण्याची भीती इथे नसतेच. त्या 10 मीटर भिंतीच्या तळाशी स्वतःच्या वजनाचा दाब चौरस सेंटिमीटरला अडीच किलोही नाही आणि वालुकाश्म शेकडो किलो सोसतो. भीती असते तोल जाण्याची. मध्ययुगीन पाथरवटांना सूत्र माहीत नव्हतं, पण पडलेल्या भिंती त्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून टोकदार कमान: उंची वाढली की रेटा कमी. म्हणून बरगड्या: छताचा भार सगळ्या भिंतीवर पसरण्याऐवजी ठरावीक ठिकाणी एकवटतो. आणि नेमक्या त्याच ठिकाणी बाहेरून टेकूच्या जाड भिंती, म्हणजे बट्रेस. त्यांच्या माथ्यावरचे टोकदार दगडी सुळके आपण नक्षी समजून फोटो काढतो. ते वजन असतं. कागद उडू नये म्हणून वर ठेवलेल्या बत्त्यासारखं.

आता हॅडिंग्टनकडे. छत गेल्यावर भिंतींवरचा रेटा गेला, ओझं गेलं, पण डोक्यावरून पाणी मुरायला मोकळं झालं. चारशे वर्षांचा पाऊस, त्यात गोठणं-वितळणं. सांध्यांतला चुना धुपतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतींवर पुन्हा शेकडो टन चढवायचे आणि शिवाय त्यांना बाहेर रेटायचं? फायबरग्लास म्हणजे काचेचे धागे राळेत बसवलेले. पाच मिलिमीटर जाडीचं कवच चौरस मीटरला आठ-दहा किलो भरतं. वरच्याच हिशेबात 400 च्या जागी 10 घाला. रेटा 800 वरून 20 किलोवर येतो आणि बोजा उतरतो कडेपासून 49 सेंटिमीटरवरून, म्हणजे भिंतीच्या जवळजवळ बरोबर मधून. भिंतीला वर छत आहे हे कळतही नाही.

‘मग ती फसवणूकच झाली’, असं मावसभावाने लिहिलं. बरगड्या आहेत आणि त्या काही पेलत नाहीत, हे मला स्वतःलाही जरा टोचतं. पण ही फसवणूक विसाव्या शतकाची नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलचं मुख्य दालन इतकं रुंद आहे की मध्ययुगीन बांधणाऱ्यांनी तिथे दगडाचा नाद सोडला आणि लाकडाचं छत दगडासारखं दिसेल असं केलं. ज्या पूर्वजांच्या नावाने फॉरवर्ड फिरतात, त्यांनी आपल्या मर्यादा ओळखून नकली छत घातलं. मला यात त्यांची हुशारी जास्त दिसते.

हॅडिंग्टनसारखंच, पण लपवाछपवी न करणारं उदाहरण स्कॉटलंडमधल्याच लिनलिथगो गावात आहे. तिथल्या सेंट मायकल्स या पॅरिश चर्चच्या मनोऱ्यावर दगडी कमानींचा मुकुट होता. मुकुट म्हणजे चारी बाजूंनी हवेत झेपावून मध्ये भेटणाऱ्या कमानी, रेट्याचा खेळ सगळा उघड्यावर. हा भार मनोऱ्याला झेपेनासा झाला म्हणून 1820 च्या सुमारास तो उतरवला. 1964 मध्ये त्या जागी जो मुकुट बसवला तो अॅल्युमिनियमचा, भाल्यांसारखा, जुन्याची नक्कल न करणारा. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी व्हेनिसला सनद झाली तीही 1964 चीच. तिच्यात म्हटलंय की नवा भाग जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखू यावा. लिनलिथगोचा मुकुट एक मैलावरून वेगळा ओळखू येतो, जुळतो की नाही यावर भांडणं होतात. हॅडिंग्टनचं छत सुरेख जुळतं, आणि ओळखू येत नाही याची साक्ष माझा मावसभाऊ देईल.

भिंती पडतात कशा, हे न कळल्याची किंमत माणसांनी दिल्याच्या कथाही स्कॉटलंडमध्ये आहेत. आयोना बेटावर संत कोलंबाने बांधायला घेतलेली भिंत रोज ढासळायची. शेवटी ओरन नावाच्या सोबत्याने स्वतःला भिंतीच्या पायाखाली जिवंत पुरून घेतलं, मग ती टिकली, अशी दंतकथा आहे. आपल्याकडे धरण किंवा पूल सुरू झाला की ‘बळी लागतो, पोरं सांभाळा’ ही अफवा उठते आणि एखादा परका फेरीवाला गर्दीचा मार खातो. इतक्या लांबच्या दोन मुलखांत तीच कल्पना, कारण अनुभव तोच: रात्रीतून भिंत खचली आणि कारण दिसलं नाही. पाया माणसाला मागत नाही. तो रुंदी मागतो आणि कोरडी जमीन मागतो.

फायबरग्लासविषयी एक आक्षेप मात्र खरा आहे, तो आयुष्याचा. दगडी छत पाचशे वर्षं सहज काढतं. राळ सूर्याच्या अतिनील किरणांनी ठिसूळ होते, आगीत टिकत नाही. सूर्याचा प्रश्न इथे फारसा नाही, कारण या छताच्या वर पावसाचं खरं छप्पर वेगळं असतं. दगडी छतावरही ते असायचंच. आगीचा प्रश्न उरतो. पण उद्या हे कवच काढायची वेळ आली, तर ते सुट्या तुकड्यांत खाली उतरवता येईल आणि भिंतींना त्याचा पत्ता लागणार नाही. दगडी कमानी छताचं तसं नसतं. ते उतरवायचं म्हटलं की आधी खालून लाकडी साचा उभारावा लागतो, कारण पहिला दगड सुटला की बाकीच्यांना धरून ठेवणारं कुणी नसतं.