दिवाळीतला किल्ला

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी अंगणात, वाड्याच्या चौकात आणि हल्ली सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधलेला माती-दगडांचा किल्ला. ही प्रथा पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावकडेही आहे. पुण्यात किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात. मुले मात्र ‘किल्ला करायचाय’ एवढेच म्हणतात.

वसुबारसेच्या आत तो उभा राहावा अशी धडपड असते. विटा, दगड, फुटकी कुंडी असे मिळेल ते रचायचे आणि त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पांघरायचे. त्याच्या सुरकुत्या म्हणजे आयत्या घळी. वरून चाळलेल्या मातीचा हात फिरतो. हिरवळीसाठी अळीव पेरतात, कारण भिजला की तो बुळबुळीत होऊन उभ्या चढालाही चिकटून राहतो. मोहरी गडगडत पायथ्याशी गोळा होते. पाणी बोटांनी शिंपडायचे, तांब्याने ओतले की बुरूज खाली आलाच. परतीचा पाऊस आला तर घरातली ताडपत्री बाहेर निघते.

किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना ‘चित्रे’ म्हणतात. पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात ती मिळतात. आता बरीचशी प्लास्टरची असतात. सिंहासनावर शिवाजी महाराज, दारात मावळे, उतारावर गवळण आणि गुहेत वाघ. वाघ बहुधा दिंडीदरवाजापेक्षा मोठा असतो, पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

खरी गंमत आकारात आहे. हौशी किल्ला हटकून शंकूसारखा टोकदार होतो. सह्याद्रीतले गड तसे नाहीत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यांतले कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार आणि सपाट्या झाल्या. गडाची माची, म्हणजे माथ्याखालची सपाटी, आणि तिच्यावर उठलेला बालेकिल्ला ही रचना बरीचशी या पायऱ्यांमधूनच आली. म्हणून राजगड करायला घेतलेले पोर आधी पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांसाठी तीन बाजूंना विटा मांडते, मग मधोमध बालेकिल्ला चढवते. सुवेळेच्या कातळातले आरपार भोक, म्हणजे नेढे, करायला पेन्सिल पुरते. लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे नांगीसारखी पुढे गेलेली डोंगराची सोंड, सर्वांत अवघड: लांब, अरुंद आणि वाळला की हमखास तडकणारा. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. त्यांतले राजगड, लोहगड आणि शिवनेरी हे तिन्ही पुणे जिल्ह्यातले.

जलदुर्गांसाठी घमेले किंवा जुना टब लागतो. जंजिरा मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. टबातल्या जंजिऱ्यावर मात्र पहिल्याच दिवशी भगवा लागतो.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास किल्ला मोडतात. माती कुंड्यांत जाते आणि चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात, पुढच्या वर्षासाठी.