पॉलिशच्या लाकडी भिंतीवर रंगाचे हात वाढवून डाग दबत नाही

जुन्या घरात सागवानी फळ्यांची पॉलिश केलेली भिंत असली की सल्ला ठरलेला: "पांढऱ्या प्लास्टिक पेंटचे तीन-चार हात मारा, डाग दबतो." दबत नाही. सागवानातला टॅनिन (लाकडातलं तपकिरी द्रव्य) आणि जुन्या पॉलिशमधला रंग पाण्यात सुटतो. प्लास्टिक पेंट पाण्यातलाच असतो, म्हणून त्याचा प्रत्येक नवा हात हा डाग पुन्हा वर ओढतो. आठवड्याभरात गाठींभोवती चहासारखे पिवळे डाग दिसतात. चुलीच्या खोलीत धुराचा चिकटा असतो, तिथे तर रंगाचे पापुद्रेच निघतात.

म्हणून खर्च रंगावर नको, अस्तरावर करा. आधी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने चिकटा काढा, साध्या पाण्याने पुसा, दोन दिवस वाळू द्या. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा. चमक राहिली तर पुढचा थर नीट धरत नाही. डाग अडवते ती लाख: १ लिटर मिथिलेटेड स्पिरिटमध्ये साधारण २५० ग्रॅम मेणरहित चपडी लाख रात्रभर विरघळवून गाळून घ्या आणि एक पातळ हात द्या; गाठींवर दोन. स्पिरिट पेट घेतं, चूल विझलेलीच हवी. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत लाख पांढुरकी पडते.

त्यावर ऑइल-बेस वूड प्राइमर, मग इनॅमल.

फळ्यांच्या सांध्यात मात्र लांबी (पुट्टी) भरू नका. वैशाखात लाकूड आकसतं, पावसात फुगतं. लांबी तिथेच तडकते.